मशीन चालू केलं की व्हॅक्यूम आपोआप चालू व्हावा, असा काही जुगाड आहे का? (पेटी दुरुस्तीचं काम, बडोदा)

पेटीवाला_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं पेट्या दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं एवढंच, खरं तर वाड्याची पुढची खोली, दहा बाय चौदा. आधी वडील करायचे, आता मी करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. हे आधीच सांगून ठेवतो, मागच्या वेळी कुणीतरी मला तिजोरीच्या कुलपांचा सल्ला दिला होता.

अडचण धुळीची आहे. सुराची पितळी जीभ आणि तिची चौकट यांच्यात जी फट असते ती केसाएवढी. तिथे सागवानाचा एक कण जाऊन बसला की सूर एक तर मुका होतो, नाहीतर घुर्र करतो. आणि मी त्याच खोलीत कडेच्या पट्ट्या कापतो, खाचा मारतो, पॉलिशच्या आधी घासतो. मागच्या महिन्यात एका भजनी मंडळाची पेटी पूर्ण जुळवून दिली. तिसऱ्या दिवशी परत आली. मधल्या सप्तकातला गंधार बसला होता, तोही नर-मादी (खालचा-वरचा जोडसूर) दोन्ही. उघडून पाहिलं तर सुरात बारीक पिवळट भुगा. त्याच सकाळी मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या पेटीची फळी कापली होती. मंडळातल्या आजींनी फक्त एवढंच विचारलं, "अरे, जुळवली होतीस ना?" त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आता लाजेची गोष्ट. माझ्याकडे व्हॅक्यूम आहे! चांगला वीस लिटरचा, ओला-कोरडा दोन्ही ओढणारा, १२०० वॅटचा. नळी मशीनला लावलेलीसुद्धा असते. पण त्याचा स्विच दाराच्या मागे. एका हातात फळी, दुसऱ्या हातात मशीन, वाटतं एकच तर काप आहे, कोण उठणार. आणि असे एकेक काप दिवसाला चाळीस होतात.

मशीनं अशी: राउटर ७१० वॅट, जिगसॉ ५०० वॅट, घासायचं गोल सँडर २२० वॅट आणि हातातली गोल करवत १३०० वॅट. व्हॅक्यूमवर मशीन लावायचा सॉकेट नाही. तसा सॉकेट असलेले येतात हे माहीत आहे, पण हा घेऊन दीडच वर्ष झालंय आणि दुसरा आणला तर घरात मला जेवण मिळणार नाही.

हवंय असं: मशीनचा खटका दाबला की व्हॅक्यूम चालू. सोडला की पाच-सात सेकंदांनी बंद, म्हणजे नळीत राहिलेला भुगाही ओढला जाईल. असा डबा घरी बनवता येतो का? कुणी वापरलाय का?

जाता जाता एक गंमत. आमचा व्हॅक्यूम पांढरी चारला (पेटीवरचा एक सूर) गातो. महिनाभर फिल्टर झटकला नाही की चढत चढत पांढरी पाचला जातो. मला वाटायचं मोटर मोकळी होऊन जोर धरतेय. पण ओढ तर कमी झालेली असते. हे कसं काय?

---

रविवारचा_सुतार

सोपं करा ना हो. एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, दोन्ही प्लग त्यात, एकच स्विच, तो टेबलाच्या कडेला स्क्रूने मारा. मशीनचा खटका लॉक करून ठेवायचा आणि बोर्डाच्या स्विचने दोन्ही एकदम चालू. माझं चार वर्षं असंच चाललंय.

---

पेटीवाला_दांडियाबाजार

केलं होतं. सँडरला चाललं. करवतीला एमसीबी पडली, दर वेळी. आणि अंधार झाला की आत स्वयंपाकघरातूनही आवाज येतो.

दुसरं म्हणजे खटका लॉक करून करवत टेबलावर ठेवायची आणि लांबून स्विच मारायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. बोटं हीच माझी पोटापाण्याची चीज आहे.

---

पॅनेलभाऊ_मकरपुरा

पेटीवाले दादा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी मकरपुरा जीआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो, बावीस वर्षं झाली. तुम्हाला हवाय तसला डबा आमच्याकडे रोजचा आहे, फक्त मोटरी मोठ्या असतात. एक पंप चालला की दुसरा चालू, थांबला की थोड्या वेळाने बंद. तत्त्व तेच.

आधी रविवारच्या सुतारांना हात जोडून: करवतीचा खटका लॉक करून बोर्डाने चालू करू नका. लाइट गेली, तुम्ही चहाला उठलात, लाइट आली, करवत टेबलावर एकटीच नाचायला लागली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नशीब, पाय नव्हता तिथे.

आता एमसीबी का पडते. तुमचा व्हॅक्यूम १२०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सव्वापाच अँपिअर. करवत १३०० वॅट, साडेपाच-पावणेसहा. बेरीज अकराच्या आसपास. पण हा चालू असतानाचा हिशेब. ब्रशवाली मोटर उभी असते तेव्हा पहिल्या क्षणाला कित्येक पट करंट खेचते, गती आली की खाली येतो. दोन मोटरी एकाच क्षणाला उठल्या तर ते धक्के एकावर एक बसतात. तुमच्या खोलीची एमसीबी बघा, तिच्यावर बी १० असं काही लिहिलं असेल. बी जातीची एमसीबी आकड्याच्या तीन ते पाच पट करंटला लगेच पडते, म्हणजे तीस ते पन्नास अँपिअरला. सी जातीची पाच ते दहा पट सोसते. लोक काय करतात, सी १६ आणून बसवतात आणि खूश होतात. आत वायर कोणती आहे ते बघत नाहीत. एमसीबी मशीनसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. दांडिया बाजारातल्या वाड्यात लाकडी पट्टीतली जुनी वायर असेल तर आधी मीटरपासून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची नवी तांब्याची लाइन ओढून घ्या, सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग खरं आहे का ते तपासून. मग सी १६. हा खर्च डब्यापेक्षा जास्त होईल, पण तो चुकवून पुढचं काही करू नका.

डब्याचं काम तीन गोष्टींत आहे.

पहिली, मशीन चाललं हे ओळखायचं. त्यासाठी सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. मधे भोक असलेली बांगडी समजा. मशीनकडे जाणारी फेजची वायर त्या भोकातून न्यायची, करंट वाहिला की बांगडीच्या दोन टोकांवर त्या प्रमाणात बारीक करंट मिळतो. तो बघून संपर्क जोडणारा करंट सेन्सिंग रिले तयार मिळतो, डिन रेलवर (डब्यातल्या धातूच्या पट्टीवर) बसतो, वर एक फिरकी असते, किती अँपिअरला हो म्हणायचं ते ठरवायला. तुमचं सगळ्यात लहान मशीन सँडर, २२० वॅट, साधारण एक अँपिअर. म्हणजे फिरकी अर्ध्या अँपिअरवर ठेवा. त्याहून खाली गेलात तर मशीनवरचा छोटा दिवा किंवा भिंतीवरचा चार्जर सुद्धा व्हॅक्यूम उठवेल. तयार रिलेची खालची मर्यादा एक अँपिअरच्या वर असेल तर वायर भोकातून दोनदा फिरवा. दोन वेढे म्हणजे बांगडीला करंट दुप्पट दिसतो, सँडर दोन अँपिअरचा वाटतो. आमच्याकडे सगळे असंच करतात. आणि एक सूचना: सीटीची दुसरी बाजू कशाला जोडली नसताना मशीन चालवू नका. उघड्या टोकांवर व्होल्टेज चढतो, झटका बसतो.

दुसरी, वेळ. चालू व्हायला एक सेकंद उशीर, बंद व्हायला सहा-सात सेकंद. पहिल्या एका सेकंदात करवत गतीवर येते, तिचा धक्का संपतो, मग व्हॅक्यूम उठतो. तुमची एमसीबी पडण्याचं अर्धं औषध हेच आहे. दोन्ही वेळा एकाच टायमरवर लावता येतात असे टायमर मिळतात, घेताना ऑफ डिले सिग्नलवर चालतो ना, म्हणजे रिलेचा सिग्नल सुटल्यावर वेळ मोजतो ना, हे विचारून घ्या.

तिसरी गोष्ट, आणि इथेच लोक मार खातात: व्हॅक्यूमला करंट देणारा संपर्क. बाजारात निळा चौकोनी रिले दहा अँपिअर लिहून मिळतो. ते दहा अँपिअर हीटरसारख्या शांत भाराचे. मोटरच्या धक्क्याला त्याची टोकं चिकटतात, मग व्हॅक्यूम बंदच होत नाही. तो निळा रिले फक्त हुकूम द्यायला ठेवा, काम कॉन्टॅक्टरकडून, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट विजेच्या खटक्याकडून, करून घ्या. २३० व्होल्ट कॉइलचा, एसी-३ ला (म्हणजे मोटरच्या भाराला) बारा अँपिअरचा छोटा कॉन्टॅक्टर पुष्कळ झाला. त्याचे दोन पोल वापरा, एकातून फेज, एकातून न्यूट्रल. सॉलिड स्टेट रिले आवाज करत नाही म्हणून काही जण तो लावतात. तो दर अँपिअरला सुमारे एक वॅट उष्णता देतो, त्याला ॲल्युमिनियमची जाड पाठ लागते, आणि बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच बिघडतो. नकलीही फार आलेत. मी टाळतो.

डबा धातूचा घेतलात तर त्याला अर्थ करा. आणि जमिनीपासून पाच फुटांवर लावा. मी अकोट्याचा. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या घरात कमरेएवढं होतं, खालचे सगळे सॉकेट गेले, वरचा एक राहिला त्यावर मोबाइल चार्ज केले. दांडिया बाजार उंचावर आहे मान्य, पण सवय चांगली.

पांढरी चारचं उत्तर: व्हॅक्यूमचा पंखा हवा ढकलतो, तेच त्याचं काम. फिल्टर चोंदला की ढकलायला हवाच येत नाही, काम कमी होतं, मोटर हलकी होऊन पळते. म्हणून सूर चढतो. टाँग टेस्टर (वायरीला चिमटा लावून करंट मोजणारा) लावून बघा, चोंदलेला असताना अँपिअर कमी दिसतील. ओल्या-कोरड्या व्हॅक्यूममध्ये बहुधा मोटर थंड करायची हवा वेगळी असते म्हणून तुमचा वाचला. साध्या घरगुतीत ओढलेलीच हवा मोटर थंड करते, तो असा गायला लागला की थोड्याच दिवसांत धूर.

---

थंडावा_रिपेअर

मी फ्रिज दुरुस्त करतो, वाघोडिया रोडला. एवढं सगळं कशाला? जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला एक रिले असतो ने, ज्यात जाड तांब्याच्या तारेची कॉइल असते. करंट गेला की आतला तुकडा उचलला जातो आणि संपर्क जुळतो. माझ्याकडे डबाभर पडलेत. मशीनच्या फेजमध्ये ती कॉइल घाला, व्हॅक्यूम संपर्कावर. फुकटात काम. दादा, दुकानावर या, दोन देतो.

---

पॅनेलभाऊ_मकरपुरा

काका, विचार चांगला आहे, पण तो रिले उलटा वागेल. तो कॉम्प्रेसर उठतानाच्या मोठ्या करंटला उचलतो आणि गती आली की सोडतो, कारण त्याला स्टार्ट वाइंडिंग, म्हणजे फक्त उठताना लागणारं वेटोळं, बाजूला काढायचं असतं. इथे करवत उठताना व्हॅक्यूम क्षणभर फुर्र करेल आणि करवत कापायला लागली की बंद. सँडरला तर उचलणारच नाही. शिवाय तो वजनावर पडतो, आडवा लावला तर वेगळंच काहीतरी.

---

थंडावा_रिपेअर

बरोबर ने! तो सोडतो हे डोक्यातून गेलं. तीस वर्षं हेच करतोय आणि लिहिताना विसरलो. पण दादा, या तरी. चहा पाजतो.

---

तक्षिणी

मी लाकडी खेळणी करते, फतेगंजात भाड्याची गॅरेज आहे. फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकले, तिथे धूळ नाकात घेऊनच मोठी झाले म्हणा ना. पॅनेलभाऊंनी विजेचं सगळं सांगितलं. मी धुळीचं सांगते, कारण दादा, तुम्हाला सुरांची काळजी आहे, फुफ्फुसांची नाही असं दिसतंय.

लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये पहिल्या गटात टाकून ठेवलंय, नाकाच्या आतल्या भागाचा मुख्यतः. शिसमाच्या धुळीने अंगावर पुरळ येतं ते वेगळं. एमडीएफ कापत असाल तर त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. म्हणून व्हॅक्यूम आपोआप चालला तरी सँडिंगला एन-९५ मास्क लावा. सगळ्यात वाईट धूळ ही दिसत नाही तीच, कापताना उडणारा जाड भुसा बिचारा खाली पडतो.

दुसरं, वीस लिटरचा व्हॅक्यूम सागवानाने दोन दिवसांत भरेल आणि फिल्टर चोंदून पांढरी पाचला जाईल. मधे सायक्लोन लावा. प्लॅस्टिकचं उलटं शंकू मिळतं, ते झाकण असलेल्या बादलीवर बसवायचं. हवा गोल फिरते, जड भुसा कडेला आपटून बादलीत पडतो, व्हॅक्यूमपर्यंत फक्त बारीक पीठ जातं. मी रंगाची रिकामी वीस लिटरची बादली वापरली. पहिल्या दिवशी ती ओढीने आत चेपली, डब्यासारखी. मग जाड बादली घेतली आणि आत लाकडी कडं बसवलं.

तिसरं, थंडीत नळीला हात लावला की चटका बसेल. कोरड्या हवेत भुसा प्लॅस्टिकवर घासून वीज साठते. माझी एक मैत्रीण दचकून जिगसॉ सोडून बसली होती. नळीच्या आतून किंवा वरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थला नेली की जातं.

आणि बॅटरीवाली मशीनं घेतलीत कधी, तर हा करंटवाला डबा त्यांना काही ओळखणार नाही. त्यांच्यासाठी रिमोटचा सॉकेट मिळतो, बटण नळीच्या टोकाला वेल्क्रोने चिकटवायचं. मी तेच करते. दाबायला विसरते अर्ध्या वेळा, पण ते माझं मेलं कर्म.

---

पेटीवाला_दांडियाबाजार

तक्षिणीताई, फुफ्फुसांची आठवण दिलीत. वडील शेवटची काही वर्षं सकाळी अर्धा तास खोकायचे. आम्ही म्हणायचो तंबाखू. ते तंबाखू खातच नव्हते. मास्क आणला आज.

पॅनेलभाऊ, तुमचं उत्तर प्रिंट काढून आमच्या वायरमनला दिलं. तो म्हणाला, "हे ज्यांनी लिहिलंय ते मला एकदा भेटव." वीजतारेचं काम त्याच्याकडे, डब्याची जुळणी मी. पेटीत एका ओळीत चाळीसेक सूर आणि तेवढ्याच झडपा बसवणारा माणूस एक डबा जुळवू शकणार नाही का? असं वाटलं होतं.

---

पेटीवाला_दांडियाबाजार (सोळा दिवसांनी)

डबा झाला. पण जो त्रास झाला तो लिहायलाच हवा, नाहीतर पुढच्याचेही दोन दिवस जातील.

नवीन लाइन ओढून झाली, अडीच स्क्वेअर, सी १६, सोळाचे दोन सॉकेट. डब्यात रिले, टायमर, कॉन्टॅक्टर बसवला. सगळं पॅनेलभाऊंनी सांगितलं तसं. मशीन चालू केलं. काही नाही. करवत ओरडतेय, व्हॅक्यूम गप्प. फिरकी खाली आणली. गप्प. अगदी शून्याला आणली तर करवत नसतानाही व्हॅक्यूम सुरू. वायर दोनदा फिरवली, तीनदा फिरवली. गप्प. मग टायमर खराब म्हणून मंगळ बाजारातून दुसरा आणला. आमच्या वायरमनने कॉन्टॅक्टरचा मधला सरकता तुकडा बोटाने दाबून पाहिला, व्हॅक्यूम चालला. म्हणजे त्याच्या पुढचं बरोबर, मागचं चूक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेव उसळच्या लारीवर उभा होतो आणि एकदम उमगलं. मी मशीनची संपूर्ण केबल त्या बांगडीतून नेली होती! तिन्ही तारा, फेज, न्यूट्रल, अर्थ, वरच्या काळ्या सालीसकट. पॅनेलभाऊंनी स्पष्ट लिहिलं होतं फेजची वायर. मी वायर वाचलं, फेज वाचलंच नाही. घरी आलो, साल सोलली, एकटी लाल तार भोकातून नेली, करवतीचा खटका दाबला. एक सेकंद. टक. आणि पांढरी चार.

---

पॅनेलभाऊ_मकरपुरा

वा! शंभरातले नव्वद जण पहिल्यांदा हेच करतात, मीही केलं होतं, तेव्हा माझ्या सुपरवायझरने माझ्या डोक्यावर ड्रॉइंग मारली होती. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. दोन्ही एकाच भोकातून गेले की एकमेकांना खोडतात आणि बांगडीला शून्य दिसतं, मग तुम्ही दहा वेढे मारा.

गंमत अशी की घराघरांत बसवतात तो आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) नेमका याच खोडण्यावर चालतो. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. सगळं ठीक असेल तोवर शून्य. कुठे करंट माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की परत येणारा कमी पडतो, ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की तो पाडतो. म्हणजे तुम्ही चुकून अर्धा आरसीसीबी बनवला होतात. खरा आरसीसीबी लाइनवर आहे ना? नसेल तर ताबडतोब.

टायमर कितीवर ठेवलेत?

---

पेटीवाला_दांडियाबाजार

आहे, वायरमनने न सांगता बसवला. म्हणाला त्याशिवाय सही करणार नाही. कसली सही कुणास ठाऊक.

चालू व्हायला एक सेकंद. बंद व्हायला आधी सहा ठेवले होते, मग वाढवून नऊ केले, आमची नळी चार मीटरची आहे आणि वळणं घेत जाते. सहा सेकंदांत नळीच्या पोटात थोडा भुसा राहायचा, दुसऱ्या दिवशी नळी उचलली की तो सुरांच्या ट्रेवर. एकदा झालं तसं. नऊला काही राहत नाही. एमसीबी एकदाही पडली नाही, स्वयंपाकघरातून आवाज बंद.

एक नवीन लफडं मात्र झालं. सँडरने घासताना मी मधे मधे थांबून बोटाने पृष्ठभाग बघतो, दोन-तीन सेकंदांसाठी. त्या वेळात व्हॅक्यूम बंद होत नाही, कारण नऊ सेकंद. चांगलंच आहे, सारखा चालू-बंद होत नाही. पण एकदा तसा थांबलो असताना नळीचं टोक शेजारच्या ट्रेवर गेलं आणि सुराचे दोन स्क्रू गेले. पितळेचे, तांदळाच्या कणीएवढे. बादली उलटी करून वर्तमानपत्रावर पसरली, तासभर चुंबक फिरवत बसलो, मग आठवलं पितळ चुंबकाला चिकटत नाही. आता नळीच्या टोकाला बायकोचा जुना पायमोजा रबराने बांधलाय, खोलीतल्या साफसफाईसाठी. मशीनला जोडताना काढायचा.

---

तक्षिणी

पायमोजा! माझीही तीच युक्ती. आणि सायक्लोन?

---

पेटीवाला_दांडियाबाजार

लावला ताई. बादली जाड घेतली, तुमचा अनुभव वाचून. आठवड्यानंतर व्हॅक्यूम उघडला तर आत मूठभर पीठ फक्त, बाकी सगळं बादलीत. तो भुसा शेजारचे मूर्तिकार मागून नेतात, मातीत मिसळतात की काय करतात, विचारलं नाही.

---

रविवारचा_सुतार

पॅनेलभाऊ, मी लॉक करून चालवणं बंद केलं. तुमचं ते करवत एकटी नाचल्याचं वाचून रात्री झोप नाही लागली, आमच्याकडे नातू येतो सुट्टीत. मला फक्त सँडर आणि जिगसॉ आहे. कॉन्टॅक्टर लागेलच का?

---

पॅनेलभाऊ_मकरपुरा

सुतारसाहेब, लागेल. कॉन्टॅक्टर मशीनसाठी नाही, व्हॅक्यूमसाठी आहे. मशीन लहान असलं तरी तुमचा व्हॅक्यूम किती वॅटचा आहे ते बघा. हजाराच्या पुढे असेल तर निळा रिले एकटा टिकणार नाही. फार तर मोठा तीस अँपिअरचा रिले मिळतो, तो चालेल, पण किंमत कॉन्टॅक्टरच्या जवळच जाते. आणि डबा बंद ठेवा, भुशात कॉन्टॅक्टरची टोकं उघडी ठेवू नका, आत भुसा बसला की ठिणगीला तेवढंच हवं असतं.

---

थंडावा_रिपेअर

दादा दुकानावर आले होते काल. डबा फोटोत दाखवला, फार सुबक. वायरीसुद्धा पेटीच्या पट्ट्यांसारख्या ओळीत. मी त्यांना रिले दाखवले, त्यांनी एक मागून नेला. कशाला, ते सांगत नाहीत.

---

पेटीवाला_दांडियाबाजार

काका, त्यातली जाड तांब्याची तार काढली. सुराच्या चौकटीला टेकू द्यायला अगदी त्या मापाची लागत होती, बाजारात मिळत नव्हती.

भजनी मंडळाची पेटी पुन्हा उघडून, सगळे सूर पुसून, नव्याने जुळवून दिली, पैसे घेतले नाहीत. आजी म्हणाल्या, गंधार आता पहिल्यापेक्षा गोड लागतो. तो तसाच आहे, मी फक्त साफ केला. काल त्याच टेबलावर एका पेटीची पूर्ण नवी कड कापली, सुरांचा ट्रे दोन हातांवर उघडा होता. संध्याकाळी भिंग लावून बघितलं. एका सुरावर एक कण होता. तो माझ्या स्वेटरचा निघाला.